गोपिकेची पाठ

४ ऑगस्ट १९७८, शुक्रवार

कंबर गेली!

सकाळी आत्याबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवत होते. रोजच्यासारखंच — दोन्ही काखांत हात घातले, 'हं, उठा' म्हटलं, अन वाकल्या जागीच पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. आत्याबाई अर्ध्या पलंगावर, अर्ध्या खुर्चीवर. मी फरशीवर. हे ऑफिसात गेलेले. आम्ही सासवासुना एकमेकींकडे पाहत राहिलो.

'उठ ना वं.'

'उठता येत नाही.'

'मंग मले तं उठव!'

'तुम्हालाच उठवताना पडले ना!'

शेवटी दोघींनी मिळून हाका मारल्या. खाली मनकर्णाबाई राहतात. मुलींच्या शाळेत कवायत शिकवतात, गळ्यात कायम शिट्टी. त्या धावत वर आल्या. आत्याबाईंना कमरेला धरून एका झटक्यात खुर्चीत सरकवलं. मला म्हणाल्या, 'तुम्ही हलू नका.' जसं काही मी हलणारच होते!

पडल्या पडल्या लिहिते आहे. ओळी छताकडे चालल्या.


६ ऑगस्ट

डॉक्टर येऊन गेले. 'पडून राहा. शेक घ्या. अन यापुढे जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही.' यांनी मान डोलावली. पलीकडच्या पलंगावरून आत्याबाई — 'डागदर, मंग मी का हवेत तरंगू?'

डॉक्टर हसले. मला हसू येईना. हसलं की पाठीत चमक.

आत्याबाई गेल्या दिवाळीत न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. हाड केव्हाच जुळलं, डॉक्टरांनीच सांगितलं. पण पडून पडून पायांतलं बळ गेलं अन मनात भीती बसली. त्यात होळीच्या सुमारास यांनी अन शेजारच्या शालिकरामभाऊंनी त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचा घाट घातला. आमचा जिना म्हणजे शिडीच! वळणावर शालिकरामभाऊंचा पाय चुकला, खुर्ची कलली, आत्याबाईंनी कठड्याला मिठी मारली ती सुटता सुटेना. तेव्हापासून जिन्याचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे.

पलंग, खुर्ची, खिडकी — एवढंच त्यांचं जग. त्या जगात त्यांना फिरवणारी मी. ती आता आडवी. मुलगा भिलाईला नोकरीवर. हे सकाळ-संध्याकाळ आईला उठवतात अन उठवताना स्वतःच कण्हतात. दुपारी शाळेतून येऊन मनकर्णाबाई. किती दिवस चालायचं असं?


१५ ऑगस्ट

आज बसता आलं. मनकर्णाबाई झेंडावंदन आटपून थेट वर. पांढरं पातळ, शिट्टी. मला भिंतीशी उभं केलं, पोट दाबून पाहिलं, मांडी दाबून पाहिली — कापडाच्या दुकानात ताग्याचा पोत पाहतात तशी!

'कंबर काहून गेली, सांगू? सगळं काम एकट्या पाठीकडून करवून घेता. मांड्या काय नुसत्या मांडी घालायला आहेत?'

'डॉक्टर म्हणाले, उचलायचं नाही.'

'मग तुमच्या सासूबाईंना, प्रयागबाईंना, कोण उचलणार? तुम्ही उचलणारच. तर मग उचलायचं बळ करा.'

मी म्हटलं, या वयात? चाळिशी उलटून गेली. तर म्हणे, 'माझी पन्नाशी उलटली. या, हात धरा, लावता का पंजा?'

लावला नाही. अब्रू वाचली.


१९ ऑगस्ट

मनकर्णाबाई स्वतः डॉक्टरांकडे जाऊन व्यायामाचं विचारून आल्या! ते म्हणाले, दुखणं पूर्ण थांबल्यावर, हलक्यानं, जपून, हरकत नाही. दुखलं की बंद. हे म्हणाले, 'हे काय नवीन?' मी म्हटलं, औषध आहे. विषय संपला.


२८ ऑगस्ट

पहिला धडा. काहीतरी मोठं असेल म्हणून पदर खोचून गेले. तर बाईंनी स्टूल ठेवलं. 'बसा. उठा. बसा. उठा. हात टेकायचे नाहीत.'

हे तर मी रोजच करते, म्हटलं.

'तुम्ही रोज पडता अन हिसका देऊन उठता. आता सावकाश बसा. दूध उतू चाललंय असं समजून धावायचं नाही. पाठ ताठ. भार टाचांवर. उठताना श्वास सोडा.'

थोड्या वेळात मांड्या थरथरायला लागल्या! मग रिकामी बादली जमिनीवरून उचलायला लावली. वाकून नव्हे, गुडघ्यांत बसून, बादली अंगाशी घेऊन, मांड्यांवर उठायचं. आयुष्यभर बादल्या उचलल्या, सगळ्या चुकीच्या!

आत्याबाईंनी विचारलं, 'काय शिकवलं त्या बाईनं?'

'उठायला अन बसायला.'

'बापा! अन इतक्या वर्षांची का करून राहिली होती तू?'


२९ ऑगस्ट

जिना उतरता येईना. मांड्या गेल्या!


५ सप्टेंबर

परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक झाली. सारी गल्ली पाहायला गेलेली, मी घरीच. खिडकीशी आत्याबाईंची खुर्ची. परत येणारी पोरं आरडत-ओरडत चाललेली — 'घेऊन जा गे मारबत!' आत्याबाई वाकून वाकून पाहत होत्या. त्यांना गर्दी लागते. पारशिवनीच्या बाजारात साऱ्यांशी भांडून वांगी घेणारी बाई ही.

मग एकदम म्हणाल्या, 'पंचफुलेच्या नातीचं लगन हाय म्हणते. संक्रांतीनंतर.' पंचफुलामावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, पारशिवनीला असते. तिला दमा, मोटारीचा धूर सोसत नाही, त्यामुळे ती इकडे येत नाही. पडल्यापासून दोघींची भेट नाही.

'जाऊ ना आपण,' मी म्हटलं.

'कशी? खिडकीतून फेकून देतं काय मले?'

अन हसल्या. पण लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला. मला दिसू नये म्हणून चष्मा पुसायचं सोंग. चष्मा तर पलंगावर होता.

जेवण काही गोड लागलं नाही.


६ सप्टेंबर

मनकर्णाबाईंना विचारलं, 'मी त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरू शकेन का?'

बाईंनी मला खालून वर पाहिलं. हसल्या नाहीत. 'आज नाही,' म्हणाल्या. 'लग्न केव्हा?'

'संक्रांतीनंतर, माघात.'

'तोपर्यंत कळेल. घरात कोणाला सांगू नका. सांगितलं की लोक आधी थकवतात.'


२४ सप्टेंबर

वाळूचं पोतं आलं! रस्त्यापलीकडे घर बांधणं चालू आहे, तिथून वाळू मागून आणली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात थोडीशीच भरली, तोंड शिवून टाकलं. सुई माझी, टाका माझा — ब्लाउज शिवून शिवून हात बसलाय, पोतं काय चीज! गच्चीवर ठेवलं. रोज नाही, एक दिवस आड. बाई म्हणतात, मधल्या दिवशी अंग आपलं आपण बळ धरतं. विरजण लावलं की भांडं हलवत बसतो का आपण?

ही उपमा मला पटली. कवायतीचं ज्ञान स्वयंपाकघरातून दिलं की डोक्यात शिरतं.


८ ऑक्टोबर

यांना कळलं! गच्चीवर आले अन पोतं छातीशी धरून बैठका काढणारी बायको पाहिली.

'लोक काय म्हणतील?'

'काय म्हणतील?'

'म्हणतील, ताराचंदची बायको हमाली करून राहिली.'

'लोकांना म्हणावं, या, तुम्हीच चला आईला उचलायला.'

यांनी मग पोत्याकडे पाहिलं. 'यात काय एवढं आहे?' म्हणून वाकले — नको नको म्हणेपर्यंत वाकलेच, गुडघे न मोडता! पोतं वीतभर उचललं अन तसंच खाली. चेहरा टोमॅटोसारखा. 'ठीक आहे,' म्हणाले, 'जड आहे थोडंसं.' अन कमरेवर हात ठेवून जिना उतरले.

हसू दाबून दाबून पोट दुखलं. तेही एक व्यायामच!


१७ ऑक्टोबर

झोप! काय झोप लागते. पूर्वी रोज मध्येच जाग यायची, मग विचारांची चक्की. आता अंथरुणाला पाठ लागली की सकाळच.


३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अनारसे, चकल्या, चिवडा, दिवसभर चुलीशी — अन कंबर एकदाही बोलली नाही. लक्षातच आलं नाही माझ्या! ती दुखेनाशी केव्हा झाली? दुखणं आलं तो दिवस तारखेसकट लिहून ठेवलाय, गेलं ते न सांगता.

मशीनवर शिवत बसले की खांद्यात गाठी यायच्या, त्याही नाहीत. कामाला मन लागतं. उगीच चिडचिड होत नाही. हे म्हणाले, 'तू आजकाल गाणं म्हणतेस पोळ्या लाटताना.' मी? गाणं?

अन आत्याबाईंना उठवणं — पूर्वी ती लढाई असायची. आता जवळ बसते, अंगाशी घेते, मांड्यांवर उठते. त्यांनाही फरक कळला. 'आजकाल तू मले पोत्यासारखी नाही उचलत,' म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आत्याबाई, पोत्यासारखीच उचलते, फक्त आता पोतं उचलता येतं!


२३ नोव्हेंबर

माझी अक्कल! बाई त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या. म्हटलं, चला, आल्यावर चकित करू. पोत्याचे टाके उसवून एकदम पुष्कळ वाळू भरली. उचललं — उचललं बरं का! पण वळताना डाव्या खांद्यात कळ. हात वर होईना.


२६ नोव्हेंबर

बाई आल्या. ओरडतील वाटलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

'कोणाला दाखवायचं होतं?'

'तुम्हाला.'

'वाळूला घाई नाही. तुम्हालाच काहून आहे? प्रयागबाई तुमच्या पाठीवर असत्या तर?'

मी रडले. पाठीवर त्या, अन जिन्याच्या वळणावर ही कळ!

खांदा बरा होईपर्यंत फक्त मांड्यांचं काम. मग पुन्हा हलक्या पोत्यापासून. 'मागे जायची लाज धरायची नाही,' बाई म्हणाल्या.


१४ डिसेंबर

थंडी मस्त पडली. खांदा बरा. गच्चीवर आता मी एकटी नाही! शेजारच्या यमुताई आल्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळभर कुंकू. कारण काय, तर हळदीकुंकवाला सतरंजीवर बसल्या अन उठताच येईना, दोघींनी ओढून उठवलं. 'मला पहिलवान व्हायचं नाही हो,' म्हणाल्या, 'मला फक्त चारचौघींत आपली आपण उठायचंय.'

बाईंनी त्यांच्यासाठीही स्टूल आणलं. यमुताई बसल्या, उठल्या. 'इश्श, एवढंच?'

मी बाईंकडे पाहिलं. उद्या कळेल यमुताईंना!


१६ डिसेंबर

यमुताई आज आल्या नाहीत. खिडकीतून हात करून सांगितलं — मांड्या!


६ जानेवारी १९७९

बाई म्हणाल्या, 'आता माणूस.' अन स्वतः माझ्या पाठीवर! मी गुडघ्यांत बसले, त्यांनी गळ्याभोवती नव्हे, खांद्यांवरून हात टाकले, मी त्यांच्या मांड्या धरल्या, उठले. उठले! गच्चीवर गोल चक्कर. यमुताई टाळ्या वाजवताहेत, बाई पाठीवरून शिट्टी फुंकताहेत. खालून शालिकरामभाऊ ओरडले, 'काय चाललंय वर?' यमुताई कठड्यावरून — 'वरात!'

माणूस पोत्याहून वेगळा. माणूस हलतो, श्वास घेतो, घाबरतो. त्याचं भय आपल्या पाठीला कळतं.


१३ जानेवारी

जिना. बाईंना घेऊन. एक हात कठड्यावर, एक त्यांच्या मांडीखाली. बाईंनी दुपट्ट्यानं स्वतःला माझ्या कमरेशी बांधून घेतलेलं. पुढे यमुताई — पडलो तर त्या काय करणार होत्या देव जाणे. सावकाश, पाऊल पूर्ण टेकवून मगच दुसरं. वळण आलं. उतरलो! अन परत वर चढलो!

आता सांगायला हरकत नाही.


१६ जानेवारी

सांगितलं. तिळगूळ देताना, म्हटलं गोड तोंडानं ऐकतील.

'आत्याबाई, पारशिवनीच्या लग्नाला जायचं. मी तुम्हाला पाठीवर घेऊन खाली नेते.'

'तू?'

'मी.'

'ताराचंद अन तो शालिकराम, दोन गडी होते. पाडून राहिले होते मले. तू बाईमाणूस.'

'त्यांनी वाळू कुठे उचलली होती?'

हसल्या नाहीत. 'मले नाही जायाचं. लय लग्नं पाहून झाली.' अन तोंड भिंतीकडे.

मला राग आला. इतके महिने! म्हटलं, 'मी गच्चीवर काय हौस म्हणून मरत होते?'

भिंतीकडूनच उत्तर आलं — 'म्या सांगतलं होतं काय तुले?'


१८ जानेवारी

नाहीच सांगितलं होतं त्यांनी. खरं आहे. एकदाही विचारलं नाही मी त्यांना. भीती त्यांची अन तयारी मात्र माझी! वाळूला विचारावं लागत नाही. माणसाला विचारायला हवं होतं.

आज त्यांच्या पायांना तेल लावताना तेवढं बोलले. 'चुकलंच माझं, न विचारता ठरवलं. तुम्ही म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात तर नाही.'

त्यांनी पाय ओढून घेतला नाही.


२४ जानेवारी

वेणी घालत होते त्यांची.

'त्या मनकर्णेले तू पाठीवर घेतलं म्हणते. खरं हाय?'

'खरं.'

'ते तं माह्याहून जाडी हाय.'

'आहेच.'

केसांना पेड घातले, गाठ मारली. मग — 'या खोलीतल्या खोलीत. पलंगापासून खिडकीपर्यंत. पुढं नाही.'


२५ जानेवारी

पलंगापासून खिडकीपर्यंत! सुरुवातीला लाकडासारख्या ताठ. नखं माझ्या खांद्यात. 'सोड, सोड, खाली ठेव!' ठेवलं लगेच. मग स्वतःच — 'पुन्हा घे.' दुसऱ्यांदा अंग जरा सैल. तिसऱ्यांदा गाल माझ्या मानेवर टेकला. पातळ, सुरकुतलेला, गरम गाल. लग्न होऊन आले त्याला वीस वर्षं उलटली, आम्ही एकमेकींना इतकं जवळ कधी घेतलंच नव्हतं.

'तुही पाठ गरम हाय,' म्हणाल्या. 'माह्या मायची असीच होती.'

खिडकीतून खाली भाजीवाल्याला पाहून ओरडल्या, 'ए, वांगे कसे दिले?' माझ्या पाठीवरून!


११ फेब्रुवारी

जिन्याच्या तोंडापर्यंत येतो. आज वरच्या पायरीवर मी नुसती उभी राहिले, त्यांना पाठीवर घेऊन. त्यांनी वाकून खाली पाहिलं. छातीचे ठोके माझ्या पाठीला लागत होते. परत फिरू का, विचारलं. 'थांब जराशीक. पाहू दे.'


१८ फेब्रुवारी, रविवार. पारशिवनी

उतरलो!

पहाटे उठून हिरवं लुगडं नेसवलं. हे फिकट पडलेले, जिन्यात आधी उतरून हात पसरून उभे. 'तुम्ही बाजूला व्हा,' बाईंनी शिट्टी वाजवून सांगितलं. झाले! खुर्चीवेळचे शालिकरामभाऊ खाली रिक्षा धरून, वर पाहायलाही तयार नाहीत.

पहिल्या पायऱ्यांना आत्याबाईंनी डोळे मिटलेले. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. वळणावर मी थांबले. 'इथंच,' म्हणाल्या. 'इथंच खुर्ची कलली होती.' मी म्हटलं, 'मी उभी आहे. जमिनीत रोवल्यासारखी. डोळे उघडा.' श्वास सोडला त्यांनी. 'चाल,' म्हणाल्या.

मग चाललो. अंगणात पाय टेकले तेव्हा यमुताई रडत होत्या, हे रडत होते, आत्याबाई शालिकरामभाऊंना म्हणत होत्या, 'पाह्यलं काय? असं उतरवतेत माणसाले!'

रिक्षा, मग एस.टी. बसच्या पायऱ्या चढताना कंडक्टर धावला मदतीला, त्याला हातानं लांब सारलं. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. आत्याबाई खिडकीला नाक लावून. पूल पाहिल्यावर हात जोडले.

मांडवात पाठीवरून घेऊन गेले. पंचफुलामावशी पाहतच राहिली. मग आली धावत, धाप लागलेली, दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात. 'कोण वं हे तुले घेऊन आलं?' 'माही सून. घोड्यासारखी हाय!' असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं माझं.

मावशीचा मुलगा चंद्रभान, चांगला शेतकरी गडी, तिथल्या तिथे न्यायला पुढे झाला. 'मी घेतो मावशीले पाठीवर.' आत्याबाईंनी साफ सांगितलं, 'गोपिकेशिवाय कोणाच्याच पाठीवर मी बसत नाही. खुर्ची तं आणूच नका.' मग दिवसभर मीच! नवरीकडे, जेवणाच्या पंगतीकडे, विहिरीशी, पुन्हा नवरीकडे. वऱ्हाडी आपसात — 'हे कोण?' 'हे नागपूरची पहेलवान.'

पाय दुखताहेत. मन भरलं आहे.


२१ फेब्रुवारी. नागपूर

आत्याबाई आल्या नाहीत. बहीण सोडेना, त्यांचाही पाय निघेना. नात गेली सासरी, मावशीला घर खायला उठलेलं. 'राहू दे थोडे दिवस,' आत्याबाईच म्हणाल्या. चंद्रभानच्या बायकोला उठवण्या-बसवण्याची रीत दाखवून आले. निघताना माझ्या दंडाला हात लावून पाहिला. 'जेवत जाय,' म्हणाल्या.

घर मोठं झालंय. पलंगावर चादर सरळच्या सरळ.


१२ मार्च

पोतं गच्चीवर तसंच. कोणासाठी उचलायचं आता? मनच होत नाही.


२० मार्च

यमुताई वर आल्या. फरशीवर मांडी घातली, हात न टेकता उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. 'बघितलंत?' चेहरा कसा फुललेला! 'अन पोतं उचलणारी इथं लोळत पडलीय. चला.'

बाई गच्चीवर होत्याच. म्हणाल्या, 'प्रयागबाईंसाठी सुरू केलंत. चांगलं केलंत. पण झोप कोणाला लागायला लागली? कंबर कोणाची सुटली? पोळ्या लाटताना गाणं कोण म्हणतं?'

उचललं पोतं. मधल्या दिवसांत जड झालं होतं, पण फार नाही. अंगानं ओळख ठेवली होती.


२२ एप्रिल

हे पारशिवनीला जाऊन आले. आई मजेत आहे म्हणाले, अंगणात खाटेवर बसून साऱ्या आळीला शहाणपणा शिकवते. तब्येत सुधारली, जेवण वाढलं. 'घरी केव्हा?' विचारलं, तर म्हणे, 'येईन. मोसंबी नको आणू, आंबट निघते.' अन यांच्यासमोरून हलल्याच नाहीत, यांना बसवून ठेवलं पुढ्यात.

हे स्वतः आता सकाळी बैठका काढतात! माझ्यासमोर नाही. दार लावून. मला धापांचा आवाज येतो.


१९ मे

ऊन! पहाटे गच्चीवर जातो, सूर्य वर आला की पळतो. यमुताईंच्या दोन मैत्रिणी आल्या. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. म्हणाल्या, 'मग गच्ची तुमच्याकडे.' मी म्हटलं, मला शिट्टी वाजवता येत नाही. 'तोही एक सरावच आहे.'

मोठं पोतं — नोव्हेंबरात खांदा ज्यानं धरला तेवढं — आज सहज उचललं. कोणाला दाखवलं नाही. आपलं आपणच हसले.

आत्याबाईंची आठवण येते. पाठीला येते.


१० जून १९७९

दुपारी रिक्षाची घंटा. खिडकीतून पाहते तर चंद्रभान अन आत्याबाई! धावत उतरले. रिक्षापाशी पाठ करून गुडघ्यांत बसले. 'या, बसा.'

पाठीवर काही आलं नाही.

वळून पाहिलं. त्या उतरून उभ्या. हातात काठी. 'सरक वं बाजूले. जिना दिसू दे.'

अन कठडा धरला. एक पायरी. थांबल्या. दुसरी. मी मागे, हात पसरून. चंद्रभान कानाशी — 'आमच्या कोणाच्याच पाठीवर बसली नाही. खुर्चीबी नको म्हणे. लेकाले सांगू नका म्हणे.' वळणावर टेकल्या, घामानं डबडबलेल्या.

'आत्याबाई, हे कसं?'

'तिकडं तू नव्हती ना वं,' म्हणाल्या. 'मंग काय करतं माणूस?'